तक्रार नसलेला डोळा

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातली मुलगी. वय ७ वर्षं, जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत. उजव्या डोळ्याची नजर ६/६, डाव्याची ६/६०. म्हणजे निरोगी डोळा जे अक्षर साठ मीटरवरून ओळखतो, ते ओळखायला तिच्या डाव्या डोळ्याला सहा मीटरपर्यंत जवळ जावं लागतं. डोळे सरळ, तिरळेपणा नाही. लाली, पाणी, खाज, डोकेदुखी यांपैकी काहीही नाही. घरच्यांची तक्रार नाही, बाईंची नाही, मुलीची तर मुळीच नाही. वाचन चांगलं, अक्षर वळणदार, लंगडीत तरबेज.

लहान मुलांचे डोळे तपासणाऱ्या आमच्यासारख्या कुणालाही असा ‘आळशी डोळा’ असलेलं मूल नवं नाही. तरी हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं, कारण यात कुणी कामचुकारपणा केलेला नाही. अंगणवाडीत तपासणी झाली होती, शाळेत आरोग्य पथक येत होतं, घरच्यांचं पोरीकडे लक्ष होतं. तरीही सात वर्षं हा डोळा कुणाच्याच हिशेबात आला नाही. (ओळख राहू नये म्हणून दोन-तीन मुलांचे तपशील एकत्र करून ते एकीचे म्हणून लिहिले आहेत.)

सात वर्षं कशी गेली

जन्म तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, पूर्ण दिवसांचा, वजन अडीच किलोच्या वर. त्यामुळे चौतीस आठवड्यांच्या आधी किंवा दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांच्या डोळ्यांतला पडदा (रेटिना) तीस दिवसांच्या आत तपासतात, त्या यादीत ती बसत नव्हती. जीवनसत्त्व ‘अ’चे डोस कार्डावर लिहिलेले होते. ते डोस बुबुळ जपतात, चष्म्याच्या नंबराशी त्यांचा संबंध नाही. हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे निदान कळल्यावर वडिलांचा पहिला प्रश्न होता, “गाजरं चारली तर?”

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून, फेब्रुवारी २०१३ मध्ये. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, त्यासाठी गावोगाव फिरणारी पथकं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा भेट, अशी त्याची रचना आहे. दृष्टिदोष हा त्यातल्या ठरलेल्या आजारांपैकी एक. कागदावर पाहिलं तर या मुलीचे डोळे शाळेत जाण्याआधीच अनेकदा तपासून व्हायला हवे होते.

प्रत्यक्षात तिचे आईवडील दसरा झाला की टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याच्या फडावर जात आणि पाडव्याच्या आसपास परतत. पोरगी त्यांच्याबरोबर. अंगणवाडीतल्या दोन भेटींपैकी हिवाळ्यातली भेट अशी दर वर्षी हुकायची. पावसाळ्यातल्या भेटीत ती हजर असायची. पण तीन-चार वर्षांच्या मुलाचे डोळे पाहायचे म्हणजे तिरळे आहेत का, बाहुलीत पांढरं काही दिसतं का, बुबुळावर डाग आहे का, एवढंच बहुधा पाहिलं जातं. तिच्या डोळ्यांत यातलं काहीच नव्हतं. पहिलीत असताना पथक शाळेत आलं ते डिसेंबरात. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण.

दुसरीच्या वर्षी गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं. मुलं नातेवाइकांकडे राहायची आणि जेवण शाळेत मिळायचं. आजी सांभाळायला तयार झाली आणि पोरगी गावातच राहील असं ठरलं. योगायोगाने त्या वर्षी पथकही सप्टेंबरातच आलं.

तळहात आणि वहीचा पुठ्ठा

वर्गाच्या भिंतीवर ‘ई’चा तक्ता, सहा मीटरवर खडूची रेघ, मुलांची रांग. नेहमीचं चित्र. पहिल्या फेरीत मुलीने दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ बरोबर सांगितली. नोंद झाली: दोन्ही डोळे ६/६.

पथकातल्या सिस्टरांना मात्र एक गोष्ट खटकली. मुलं स्वतःच्या तळहाताने डोळा झाकत होती आणि बोटांच्या फटी उघड्याच होत्या. त्यांनी रांगेतल्या शेवटच्या काही मुलांना परत बोलावलं आणि वहीचा पुठ्ठा हातात घेऊन स्वतः डोळा झाकायला सुरुवात केली. या मुलीचा डावा डोळा झाकला तेव्हा ती शांत उभी होती, भराभर सांगत होती. उजव्यापुढे पुठ्ठा आल्याबरोबर तिने मान डावीकडे वळवली. सिस्टरांनी मान सरळ केली, तर ती पुठ्ठ्याच्या वरून पाहायला टाचा उंचावू लागली. शेवटी तिने हातानेच पुठ्ठा बाजूला सारला. “दिसत नाही” असं ती एकदाही म्हणाली नाही. “हे काढा की,” एवढंच म्हणाली.

ही वागणूक हेच लक्षण असतं. बोलता न येणाऱ्या बाळाची नजरसुद्धा याच खुणेवरून ओळखतात. एक डोळा झाकला तर बाळ खेळत राहतं, दुसरा झाकला तर रडतं, हात झटकतं. अशा वेळी जो झाकल्यावर मूल चिडतं तो डोळा चांगला, आणि संशय घ्यायचा तो उघड्या राहिलेल्या डोळ्याचा. आईबापाला हे घरच्या घरी करून पाहता येतं, पैसा लागत नाही. फक्त झाकायला तळहात नको, आणि मूल दमलेलं, भुकेलेलं नको.

सिस्टरांनी आधीची नोंद खोडून डाव्या डोळ्यापुढे संशय लिहिला आणि संदर्भ चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी जानेवारीपर्यंत घरात पडून राहिली. त्यात नवल काहीच नाही. मुकादमाची उचल घेतलेली, निघायची तारीख ठरलेली, सामानाची बांधाबांध चाललेली, आणि पोरगी तर धडधाकट दिसत होती. आजीला एकटीने जिल्ह्याला जाणं झेपणारं नव्हतं. अखेर गावातल्या आशाताई दुसऱ्या एका बाईला मोतीबिंदूसाठी घेऊन येत होत्या, त्यांनी या दोघींना गाडीत घेतलं.

तपासणी

पिनहोलमधून म्हणजे बारीक भोकातून पाहिल्यावर डावी नजर सुधारली नाही. नुसता नंबर असता तर ती बरीच सुधारली असती. डोळ्यांच्या हालचाली ठीक. दोन्ही डोळे एकत्र वापरून खोली जाणवते का, हे पाहायला एक मोठ्या माशीचं चित्र असतं. खास चष्मा लावला की माशीचे पंख कागदाच्या वर आल्यासारखे दिसतात आणि मुलं ते चिमटीत धरू पाहतात, काही घाबरून हात मागे घेतात. या मुलीने बोट थेट कागदावर टेकवलं.

मग सायक्लोपेंटोलेटचे, म्हणजे भिंगाचा जोर काही काळ ढिला करणारे थेंब घालून तपासणी. हा भाग वगळणारे पालक खूप भेटतात. दिवसभर जवळचं धूसर दिसतं, मूल कुरकुरतं, शाळा बुडते. पण लहान मुलाच्या डोळ्यातलं भिंग इतकं लवचीक असतं की डोळा आखूड असल्याने आलेला प्लस नंबर ते फुगून लीलया लपवतं. थेंबांआधी मशीनने डाव्या डोळ्याचा नंबर +३ च्या आसपास दाखवला होता. थेंबांनंतर तोच +५.५० निघाला. उजव्याचा +१.००, जो या वयात सर्रास असतो.

सोनोग्राफीने डोळ्याची लांबी मोजली तेव्हा उजवा २२.३ मिलिमीटर, डावा २०.७. जन्मतः डोळा साधारण सतरा मिलिमीटरचा असतो, मोठेपणी चोवीसच्या आसपास जातो. या मुलीचा डावा डोळा वाढीत मागे राहिला होता. लांबीत एक मिलिमीटर कमी म्हणजे अडीच ते तीन नंबर जास्त, हे गणित इथे बरोबर जुळत होतं. भिंग स्वच्छ, पडदा आणि नस निरोगी. निदान: दोन डोळ्यांच्या नंबरांतल्या तफावतीमुळे आलेली मंददृष्टी, ज्याला आपल्याकडे ‘आळशी डोळा’ म्हणतात.

शेजारीपाजारी मोबाइलला दोष देऊन मोकळे झाले होते. मोबाइलच्या नादाने घरात बसणाऱ्या मुलांचा मायनस नंबर वाढतो, ही काळजी खरी आहे आणि तिच्यावर दिवसाचे दोनेक तास उघड्यावर खेळणं हा उपायही आहे. पण या पोरीचं बालपण उसाच्या फडात, उन्हातच गेलं होतं. तिचा नंबर प्लसचा होता आणि बहुधा पाळण्यापासूनचा.

एक डोळा मागे का पडतो

दोन्ही डोळ्यांची भिंगं एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखी असतात. फुगायची ती दोन्ही सारखीच फुगतात, वेगवेगळी नाहीत. उजव्याला स्पष्ट दिसायला एका नंबराएवढा जोर पुरे. तेवढा जोर लावला की चित्र स्पष्ट झालं, मेंदूचं काम झालं, आणि तो थांबतो. डाव्याला लागतो साडेपाचाचा जोर. त्याच्या वाट्याला येतो एकाचाच. म्हणून लांबचं असो की जवळचं, डाव्या पडद्यावर स्पष्ट चित्र कधी उमटतच नाही. मायनस नंबरात निदान जवळचं तरी त्या डोळ्याला स्वच्छ दिसतं. एका डोळ्याला मायनस तीन असला तरी वही त्याला नीट दिसते, आणि मेंदूला त्याची थोडीफार सवय राहते. प्लसच्या तफावतीत ती सोयही नाही. म्हणूनच दोन डोळ्यांत प्लसचा एक-दीड नंबर इतका फरक असला तरी बालनेत्रतज्ज्ञ सावध होतात. इथे तो साडेचार होता.

मेंदूत काय होतं, याचं उत्तर डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगांतून मिळालं. पिल्लाची एक पापणी शिवून काही आठवड्यांनी उघडली, तर डोळा ठणठणीत, पण मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या पेशी त्या डोळ्याला दादच देईनाशा झालेल्या. मोठ्या मांजरावर हेच केलं तर काही बिघडत नव्हतं. या कामाला १९८१ मध्ये नोबेल मिळालं. मुलांच्या बाबतीत हा घडणीचा काळ पहिली सात-आठ वर्षं जोरात असतो, पुढे मंदावतो. आमच्या रुग्णाचं वय नेमकं त्या कडेवर होतं.

मंददृष्टी जगभरात साधारण शंभरांतल्या दोन-तीन मुलांना असते. डोळा तिरळा असेल तर घरचे कधीतरी आणतात, जरी ‘तिरळं लेकरू नशीबवान’ म्हणत वर्षं घालवणारी घरं अजून आहेत. नंबरांच्या तफावतीतली मंददृष्टी मात्र बाहेरून दिसतच नाही. मुलाला तरी ती कळावी कशी? जन्मापासून जग असंच दिसत आलं आहे. या मुलीला विचारलं, “डाव्या डोळ्याने कमी दिसतं हे कधी कळलं?” तर ती आमच्याकडेच नवलाने पाहू लागली. सगळ्यांचाच एक डोळा पाहायचा आणि एक नुसता असतो, अशी तिची समजूत होती.

आधी चष्मा

चष्मा दिला उजवा +०.५०, डावा +५.००. दोन्हींतून अर्धा-अर्धा कमी केला, म्हणजे सुरुवातीला लांबचं धूसर वाटून मुलगी चष्मा फेकून देणार नाही. मधला फरक मात्र जसाच्या तसा ठेवला, कारण उपचार त्या फरकाचाच होता. काचा न फुटणाऱ्या, पॉलिकार्बोनेटच्या. एकच चांगला डोळा असलेल्या मुलाला दुसऱ्या काचा देऊ नयेत, या मताचा मी आहे. मागे इलॅस्टिकचा पट्टा.

नुसत्या चष्म्याने नजर सुधारते यावर लोकांचा विश्वास बसत नाही. अमेरिकेतल्या पीडिअ‍ॅट्रिक आय डिसीज इन्व्हेस्टिगेटर ग्रुपने २००६ मध्ये तीन ते सात वर्षांच्या, नेमक्या याच प्रकारच्या मंददृष्टीच्या मुलांना फक्त चष्मा देऊन पाहिलं. ७७ टक्के मुलं तक्त्यावर दोन किंवा अधिक ओळी पुढे सरकली, आणि २७ टक्क्यांची मंददृष्टी पट्टीशिवायच गेली. म्हणून घाई न करता आधी चष्मा, नंतर पट्टी असा क्रम ठेवतात.

अडचण निराळीच निघाली. चष्म्याशिवाय तिला उत्तम दिसत होतं. चष्मा लावल्यावर जास्त चांगलं दिसत नव्हतं, वर वर्गात ‘ढापणी’ हे नाव पडलं. प्लस पाचाची काच डोळा मोठा करून दाखवते, त्यामुळे समोरून तिचा एक डोळा नेहमीसारखा आणि दुसरा टपोरा दिसायचा. पोरं चिडवणार नाहीत तर काय करणार? पहिल्या तीन आठवड्यांत चष्मा दप्तरात जास्त आणि नाकावर कमी होता. बाईंना फोन करून सगळं समजावलं, तेव्हा त्यांनी युक्ती काढली. रोज सकाळी वर्गातल्या चष्म्याच्या काचा पुसायचं काम तिच्याकडे दिलं. त्यात बाईंचा स्वतःचा चष्माही. ही युक्ती कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, पण चष्मा नाकावर राहिला.

एप्रिलच्या मध्यावर डावी नजर ६/३६ झाली होती. अजून काही आठवडे नुसत्या चष्म्यावर थांबता आलं असतं. पण वय पुढे सरकत होतं आणि उन्हाळी सुट्टी हाताशी होती. सुट्टीत पट्टी लावली तर फळा न दिसण्याची भीती नव्हती. दिवसाचे सहा तास उजवा डोळा बंद, असं ठरवलं. तीव्र मंददृष्टीत सहा तासांची पट्टी आणि दिवसभराची पट्टी यांत फरक पडत नाही, असं याच गटाच्या २००३ च्या अभ्यासात दिसलं होतं, त्यामुळे पोरीला दिवसभर डांबून ठेवायची गरज नव्हती.

आजीचा सवाल

पट्टी नाकारली ती आजीने. “चांगला डोळा झाकायलेत अन् अधू उघडा ठेवायलेत, हे कसलं औषध?” आमच्या विभागात रोज ऐकू येणारा हा प्रश्न आहे आणि तो अगदी रास्त आहे. वर आजीचा स्वतःचा अनुभव होता: मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, लख्ख दिसू लागलं. मग नातीचं ऑपरेशन का करत नाही? इतके महिने कशाला?

उत्तरही आजीच्याच डोळ्यातून द्यावं लागलं. तुमचा डोळा साठ वर्षं पाहत होता, मेंदूला त्याची ओळख होती; मध्ये पडदा आला, तो काढला, झालं. हिच्या डोळ्याने अजून पाहायचं शिकलेलंच नाही. कापून काढण्यासारखं आत काही नाही. शिकायला वेळ लागतो, आणि उजवा उघडा असला की डावा शिकत नाही. आजी बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “म्हणजे थोरली घरात असली की धाकटी कामाला हात लावत नाही, तसं.” याहून बरं आम्हाला सांगता आलं नसतं.

पट्टी कातडीला चिकटणारी, चष्म्याच्या आत. चष्म्यावर लावलेल्या कापडाच्या कडेने मुलं हमखास डोकावतात. सकाळी दोन तास, दुपारी घरात चार. सुरुवातीचे आठ-दहा दिवस वाईट गेले. मुलगी पट्टी लावून उंबऱ्याला ठेचकाळली, रडली, एकदा पट्टी चुलीत टाकली. आजी सुपात ज्वारी घेऊन बसायची आणि तिला खडे वेचायला लावायची. पहिल्या दिवसांत पोरगी मूठभर दाणे तोंडाजवळ नेऊन बोटांनी चाचपायची आणि खड्याबरोबर चांगले दाणेही फेकायची. जूनमध्ये आल्या तेव्हा आजीने सांगितलं की, आता सूप मांडीवर ठेवून वेचते, माझ्या नजरेतून सुटलेले खडे काढते.

पट्टी असताना जवळचं बारीक काम केलंच पाहिजे, असा आग्रह पूर्वी धरत. २००८ मध्ये त्याच गटाने जवळचं काम करणारी आणि लांबचं पाहणारी मुलं यांची तुलना केली, नजरेच्या सुधारणेत फरक आढळला नाही. मणी ओवणं, चित्रं रंगवणं, खडे वेचणं मी तरीही सांगतो. त्या नादात पट्टी डोळ्यावर टिकते, हाच फायदा.

किती तास पट्टी राहिली हे पालकांना विचारलं की उत्तर नेहमी “लावतो की” असं येतं. आजीला लिहिता येत नव्हतं. म्हणून नातीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, पूर्ण तास झाले त्या तारखेवर एक टिकली चिकटवायची असं ठरलं. मे महिन्याचं पान त्यांनी फाडून आणलं होतं. तिसऱ्या आठवड्यात एकही टिकली नव्हती. विचारल्यावर कळलं, उकाड्याने पट्टीखाली पुरळ उठलं होतं.

पट्टीला दुसरा पर्याय अ‍ॅट्रोपिनचा: चांगल्या डोळ्यात औषध घालून त्याची जवळची नजर काही काळ मंद करायची. मध्यम तीव्रतेच्या मंददृष्टीत तो पट्टीइतकाच चालतो, हे २००२ पासून माहीत आहे. पण अ‍ॅट्रोपिनने बाहुली मोठी राहते आणि उन्हात डोळे दिपतात. मराठवाड्याच्या मे महिन्यात ते नको वाटलं. शिवाय उजवा नंबर इतका कमी की औषधाचा जोर पडायची खात्री नव्हती. चार दिवस कातडीला विश्रांती दिली, पट्टी काढण्याआधी कडेला खोबरेल लावायला सांगितलं, दुपारचे तास उजाडताना आणि दिवेलागणीला हलवले. टिकल्या परत दिसू लागल्या.

जूनच्या शेवटी डावी नजर ६/१८. सप्टेंबरात ६/१२. सातव्या वर्षानंतर उपचार व्यर्थ, असं सांगून परत पाठवलेली मुलं आजही आमच्याकडे येतात. २००५ च्या अभ्यासात सात ते बारा वयाच्या मुलांपैकी उपचार मिळालेल्या ५३ टक्क्यांची नजर दोन ओळींनी सुधारली, नुसत्या चष्म्यावर ठेवलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होतं. उशीर झाला म्हणजे दार बंद झालं असं नाही. पण चौथ्या वर्षी जे काही आठवड्यांत साधतं, त्याला आठव्या वर्षी महिने लागतात आणि तरी शेवटची ओळ हाती येईल याचा भरवसा नसतो. ही मुलगी ६/१२ वर अडली आहे. माशीचे पंख आता चिमटीत येतात, पण बारीक खोलीची चित्रं अजून ओळखता येत नाहीत.

तपासणीत काय बदलता येईल

या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं अवजार ठरला वहीचा पुठ्ठा. शाळेतल्या तपासणीत तळहात वापरूच नये. पुठ्ठा तपासणाऱ्याने धरावा, मुलाने नव्हे. रांगेतलं पुढचं मूल उत्तर मोठ्याने सांगतं आणि मागचं पाठ करतं, म्हणून एका वेळी एकच मूल आत घ्यावं आणि ‘ई’ फिरवता येणारं कार्ड वापरावं. आधी कुठला डोळा झाकायचा हेही अधूनमधून बदलावं. गैरहजर मुलांची यादी करून ती पुन्हा तपासावीत, आणि ऊसतोडीच्या तालुक्यांत पथकाची शाळाभेट दसऱ्याआधीच ठेवावी. याला नव्या पैशांची गरज नाही, वेळापत्रक हलवलं की झालं.

तक्ता वाचता न येणाऱ्या वयासाठी दुसरा मार्ग आहे. अंधाऱ्या खोलीत हातभर अंतरावरून ऑप्थॅल्मोस्कोपचा, म्हणजे डोळ्याच्या आत पाहायच्या हातातल्या दिव्याचा झोत एकाच वेळी दोन्ही डोळ्यांवर टाकला की बाहुल्यांतून लालसर चमक परत येते. दोन्हीकडची चमक सारखी नसेल, तर नंबरात फरक, तिरळेपणा किंवा आत काही अडथळा असण्याची शक्यता. पांढरी चमक असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवायचं, कारण तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो किंवा रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे पडद्याचा कर्करोग. आता तर साधारण एक मीटरवरून फोटो काढल्यासारखं टिपून दोन्ही डोळ्यांच्या नंबराचा अंदाज काही सेकंदांत देणारी यंत्रं मिळतात, त्यात मुलाने उत्तर द्यायची गरजच नाही. साडेचार नंबरांचा फरक अशा यंत्राने तिसऱ्या वर्षीच ओरडून सांगितला असता. यंत्र महाग असतं हे खरं, पण ऑप्थॅल्मोस्कोप महाग नाही, आणि पथकातल्या डॉक्टरांना तो वापरायला शिकवणं एका दिवसाचं काम आहे.

सध्याची स्थिती

ऑक्टोबरात पट्टीचे सहा तास दोनावर आणले. एकदम थांबवली तर नजर परत घसरण्याचा धोका मोठा असतो; उपचार संपल्यावर वर्षभरात साधारण चौथ्या भागाच्या मुलांत ती घसरते, म्हणून हळूहळू कमी करायचं. चष्मा चालूच राहणार. आईवडील यंदाही टोळीबरोबर गेले, मुलगी आजीकडे आहे. आईला फडावरच्या मुक्कामासाठी नंबराची चिठ्ठी आणि जादा पट्ट्यांचं पाकीट दिलं, कारण दिवाळीच्या सुट्टीत मुलगी दहा-बारा दिवस तिकडे जाणार होती आणि पट्ट्या हाताशी नसत्या तर ते दिवस कोरे गेले असते. दर तीन महिन्यांनी तपासणी, किमान दहाव्या वर्षापर्यंत.

धाकटा भाऊ चार वर्षांचा. घरात एकाला असा नंबर असला की भावंडांचे डोळे पाहायचेच, म्हणून सप्टेंबरात आई त्यालाही घेऊन आली होती. त्याचीही तक्रार काहीच नव्हती. थेंब घालून पाहिलं, उजवा +४.००, डावा +१.५०. चित्रांच्या तक्त्यावर उजवी नजर ६/१८ भरली. त्याला लाल फ्रेमचा चष्मा दिला आहे. डिसेंबरात आजीने आणलं तेव्हा उजवी नजर ६/९ होती, त्यामुळे पट्टी सुरू केलेली नाही. पुढची तारीख मार्चची.